छोट्या कॅथलिक कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा आणि हितचिंतकांचा सन्मान कसा करायचा

बहुतेक कॉलेजांत हे काम उलट्या क्रमाने होतं. आधी हॉल, मग बिशपांची वेळ, मग जेवणाचा कंत्राटदार ठरतो, आणि शेवटच्या पंधरवड्यात कोणीतरी विचारतं, “पण यंदा द्यायचं कोणाला?” मग ज्याचा फोन लागतो त्याला सन्मान मिळतो, किंवा ज्याने नुकताच चेक दिला त्याला.

हा लेख वसईतलं एखादं छोटं कॉलेज डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: ट्रस्टवर धर्मगुरू, प्राचार्य एकतर फादर किंवा सिस्टर नाहीतर त्यांच्या हाताखाली घडलेले प्राध्यापक, वर्गात सगळ्या धर्मांची मुलं, आणि माजी विद्यार्थी नंदाखालपासून टोरांटोपर्यंत पसरलेले. गोवा, पुणे किंवा मुंबईच्या उपनगरांतल्या कॉलेजांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. हाताशी सहा महिने ठेवा. तीन महिन्यांत उरकायचं असेल तर सन्मानांची संख्या कमी करा, टप्पे गाळू नका.

टप्पा १: दोन याद्या, दोन समित्या

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून ती आधी. कर्तृत्वासाठी माजी विद्यार्थ्याचा गौरव आणि मदतीसाठी हितचिंतकाचे आभार ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच पुरस्कारात कोंबली की गावाला लगेच कळतं. इमारतीला पत्रे घालून देणाऱ्या बिल्डरला ‘गुणवंत माजी विद्यार्थी’ म्हटलं, तर पुढच्या वर्षी खऱ्या गुणवंताला त्या सन्मानाचं काही वाटत नाही. बिल्डरलाही आतून ठाऊक असतं की आपल्याला तो कशासाठी मिळाला.

गौरवासाठी निवड समिती नेमा. पाच जण पुरेत: एक प्राध्यापक, एक निवृत्त प्राध्यापक, माजी विद्यार्थी संघाचे दोन जण (त्यांतली एक महिला) आणि व्यवस्थापनाचा एक प्रतिनिधी. देणग्या गोळा करणारी व्यक्ती या समितीत नको. हितचिंतकांची यादी प्राचार्य आणि हिशेबनीस मिळून करतील.

मग निकष एका पानावर लिहा आणि ट्रस्टच्या बैठकीत मंजूर करून इतिवृत्तात घ्या. त्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट हव्यात:

- पदवी पूर्ण केलेलेच पात्र, की मध्येच शिक्षण सोडलेलेही? (माझं मत: सोडलेलेही. घरच्या ओढाताणीत दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून पुढे नाव काढणारे आपल्याकडे कमी नाहीत.)
- धर्माची अट नाही, हे शब्दांत लिहा. गृहीत धरू नका.
- सध्याचे ट्रस्टी, समितीचे सदस्य आणि त्यांचे जवळचे नातेवाईक अपात्र.
- एका वर्षी जास्तीत जास्त तीन गौरव. लायक नाव नसेल तर एकही नाही.
- मरणोत्तर सन्मान करायचा की नाही.

हितचिंतक म्हणजे फक्त देणगीदार, असं धरू नका. तीस वर्षं ग्रंथालय सांभाळणारे, फी भरायला उशीर झालेल्या मुलाला परीक्षेला बसू देण्यासाठी ऑफिसात भांडणारे हेडक्लार्क, कॅन्टीन चालवणाऱ्या मावशी हेही हितचिंतकच आहेत.

> तपासा: निकषांच्या कागदावर तारीख आणि सह्या आहेत का? पहिलं नाव सुचवलं जाण्याआधीची तारीख आहे का?

टप्पा २: तारीख

दोन दिनदर्शिका शेजारी ठेवा, विद्यापीठाची आणि चर्चची. विद्यापीठाची सगळे बघतात, कारण सत्र परीक्षांत हॉल मिळत नाही. चर्चची बघायची राहून जाते.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ टाळा. त्यात शुक्रवार असेल तर मटण-चिकनचं जेवणही ठेवता येत नाही. हा बुधवार दरवर्षी सरकतो, हे लक्षात ठेवा. वसईत ६ फेब्रुवारी, म्हणजे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण, ही साहजिक तारीख वाटते. २०२७ मध्ये तो शनिवारी येतो आणि राखेचा बुधवार १० तारखेला, म्हणजे जेमतेम जमतं. २००८ मध्ये मात्र राखेचा बुधवार ६ फेब्रुवारीलाच होता. आश्रयदात्या संताच्या सणाला कार्यक्रम धरणाऱ्यांनी दरवर्षी ईस्टरची तारीख पाहून मगच हॉल सांगावा. डॉन बॉस्को (३१ जानेवारी) पाळणाऱ्यांना ही अडचण येत नाही, झेवियर (३ डिसेंबर) पाळणाऱ्यांना आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, विचार करावा लागतो.

परदेशातले लोक नाताळात घरी येतात, म्हणून २६ डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ मोहात पाडतो. पण त्याच दिवसांत गावात लग्नं असतात आणि कॉलेजला सुट्टी असते. विद्यार्थ्यांशिवायचा सन्मान रिकाम्या वर्गात शिकवल्यासारखा होतो. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा शनिवार बरा.

बिशपांना बोलवायचं असेल तर त्यांच्या सचिवांशी आत्ताच बोला. तारीख त्यांच्या सोयीने हलली तर हलू द्या, पण ती एकदाच.

टप्पा ३: नावं शोधणं

‘नावं सुचवा’ अशी सूचना व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली की त्याच दहा बोलक्या लोकांची नावं परत येतात. म्हणून शोध तीन वाटांनी घ्या.

पहिली वाट कॉलेजचं जनरल रजिस्टर. इथे वसईची खास अडचण येते: एकाच नावाचे पाच-सहा जण असतात. ‘पीटर डिसोजा, बी.कॉम.’ म्हटलं तर कोणता? म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वडिलांचं नाव, गाव (गास, भुईगाव, सांडोर, वटार, निर्मळ) आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष लिहा. आडनावांचं स्पेलिंगही भरवशाचं नसतं. लोपीस, लोपेस, लोपेझ ही एकाच घराची तीन रूपं असू शकतात.

मुलींची नोंद माहेरच्या नावाने असते, आज त्या दुसऱ्याच नावाने ओळखल्या जातात. बहुतेक कॉलेजांच्या गौरव-यादीत बायका कमी दिसतात, याचं एक साधं कारण हेच आहे. नामांकनाच्या अर्जात ‘कॉलेजात असतानाचं नाव’ असा वेगळा रकाना ठेवा.

दुसरी वाट निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या घरी जाऊन बसा, फोनवर ते एवढं बोलत नाहीत. तिसरी वाट धर्मग्रामांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची. फादरांना विचारा, पण त्यातून फक्त कॅथलिक नावं येतील हे लक्षात ठेवून हिंदू, मुस्लिम, आदिवासी माजी विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या त्यांच्या बॅचमधल्या मित्रांकडे वेगळी चौकशी करा.

अर्ज एका पानाचा असू दे. ‘या व्यक्तीने काय केलं?’ आणि ‘हे आम्ही कुठे तपासू शकतो?’ हे दोन प्रश्न त्यात हवेतच. स्वतःचं नाव स्वतः सुचवायला परवानगी द्यावी का, यावर वाद होतात. मी म्हणेन, द्या. लाजरी माणसं तरीही सुचवत नाहीत, आणि न लाजणारी दुसऱ्याकडून सुचवून घेतातच.

टप्पा ४: पडताळणी, आणि ती लेखी

निवडलेल्या प्रत्येक नावासाठी दोन स्वतंत्र ठिकाणी चौकशी करा. पदवी आणि पद खरं आहे का? एखादा खटला, फसवणुकीची तक्रार, कामगारांचे पैसे बुडवल्याची चर्चा? लहान मुलांच्या किंवा महिलांच्या छळाची तक्रार असेल तर ती निकाली निघेपर्यंत नाव थांबवा. ‘आरोपच आहे, सिद्ध कुठे झालाय’ हे न्यायालयात ठीक. गौरव मात्र कॉलेज आपल्या इच्छेने करतं, त्याची घाई कोणी केलेली नाही.

निवडणुकीला उभं राहू शकणाऱ्या व्यक्तीचा गौरव निवडणुकीच्या वर्षात करू नका. आचारसंहिता लागली की कार्यक्रमाचे फोटो प्रचाराचे फोटो होतात आणि उत्तरं प्राचार्यांना द्यावी लागतात.

> सावधान: सेवेत असलेले सरकारी अधिकारी. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधल्या १४व्या नियमानुसार केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला स्वतःच्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जायला किंवा मानपत्र घ्यायला पूर्वपरवानगी लागते. राज्य सेवा, लष्कर, पोलीस यांचे आपापले नियम असतात. परवानगीला वेळ जातो. त्यांना पत्र सगळ्यात आधी पाठवा आणि परवानगी आल्याशिवाय नाव छापू नका.

फादर, सिस्टर, ब्रदर झालेल्या माजी विद्यार्थ्यांचंही असंच. आधी त्यांच्या वरिष्ठांना कळवा. रोख रक्कम देणार असाल तर विचार करा: व्रतस्थ सिस्टरला मिळालेली रक्कम सहसा तिच्या संस्थेची होते, तिची स्वतःची नाही. पाकीट देऊन तिला अवघडून टाकण्यापेक्षा तिच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं द्या.

टप्पा ५: विचारा, मग जाहीर करा

निवड झाली की प्राचार्यांनी स्वतः फोन करावा. ‘आम्ही तुमचा सन्मान करतोय’ असं न सांगता ‘तुम्ही स्वीकाराल का?’ असं विचारावं. मग पत्र, आणि उत्तर लेखी. त्याच पत्रात तीन गोष्टी विचारून घ्या: नाव मराठीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं, सोबत कोण येणार, जिने चढायला त्रास आहे का.

या टप्प्यावर देणगीचा विषय काढायचा नाही. ‘सर, पुरस्कार तर आहेच, पण आपल्या नव्या संगणक कक्षासाठी…’ हे वाक्य ऐकलेला माणूस स्टेजवर हसतो खरा, पण परत येत नाही.

टप्पा ६: देणगीदारांचे कागद

जेवढी चूक निवडीत होते, तेवढीच इथे होते, आणि इथली चूक सरकारदरबारी जाते.

*परदेशातला पैसा.* ‘तो आपल्याच गावचा आहे’ याला परकीय योगदान नियमन कायद्यात (एफसीआरए) अर्थ नाही. प्रश्न पासपोर्टचा आहे. दुबई, मस्कत, कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट असतो. त्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. पण कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असलेला वर्गमित्र परकीय स्रोत ठरतो. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांचंही तेच. त्याने सुट्टीत इथे येऊन इथल्या बँकेतून रुपयांत चेक दिला, तरीही ते परकीय योगदानच.

असा पैसा घ्यायला ट्रस्टची एफसीआरए नोंदणी हवी, आणि तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवा. ‘नोंदणी आपल्याकडे नाही, पण धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) संस्थेकडे आहे, तिथे घेऊ आणि इकडे वळवू’ ही जुनी पळवाट २०२०च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. एका संस्थेने घेतलेलं परकीय योगदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

> तपासा: देणगीच्या अर्जावर ‘तुमचं नागरिकत्व कोणतं?’ हा प्रश्न आहे का? क्यूआर कोड लावलेल्या फलकाखाली ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असं लिहिलं आहे का?

*कर-सवलत.* ८०जी (प्राप्तिकर कायद्याचं जुनं कलम) म्हणून आपण ओळखतो ती देणगीवरची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. देणगीदाराने नवी करप्रणाली निवडली असेल तर त्याला ती मिळतच नाही. दोन्ही गोष्टी आधीच सांगा, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना त्याला कळेल आणि फोन तुम्हाला येईल. नुसती पावती पुरत नाही. ट्रस्टने देणगीदारांचं विवरण भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. आजवर ही मुदत ३१ मे राहिली आहे आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुनी पावती-पुस्तकं तशीच वापरण्याआधी सीएला दाखवा.

*नाव न सांगणारे.* ‘उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये’ हे मनापासून पाळणारे देणगीदार आपल्याकडे आहेत. स्टेजवर त्यांचं नाव घेऊ नका. पण कागदावर नाव आणि पॅनसारखा ओळख क्रमांक लागतोच. हे त्यांना नीट समजावून सांगा, आणि ती नोंद किती जणांना दिसेल तेही ठरवा.

*कायमस्वरूपी निधी.* एखाद्याने ५०,००० रुपये देऊन ‘दरवर्षी आईच्या नावाने १०,००० रुपयांचं बक्षीस द्या’ म्हटलं की आनंदाने हो म्हणू नका. ६ टक्के व्याजाने त्या रकमेचे वर्षाला ३,००० रुपये होतात. पाच-सहा वर्षांत मुद्दल संपेल आणि बक्षीस बंद पडल्याचा राग कॉलेजवर निघेल. त्यापेक्षा ३,००० रुपयांचं बक्षीस ठरवा, किंवा निधी वाढेपर्यंत थांबा. रक्कम कायम निधीत ठेवायची, तर तसं देणगीदाराचं सहीचं पत्र घ्या. कॅनन लॉचा (कॅथलिक चर्चच्या कायद्याचा) १२६७वा नियमही स्पष्ट आहे: ज्या कारणासाठी अर्पण दिलं, त्याच कारणासाठी ते वापरायचं. प्रयोगशाळेसाठी आलेला पैसा छताच्या गळतीला लावायचा असेल तर आधी देणगीदाराला विचारा.

वर्गखोलीला नाव देण्याचं आश्वासन प्राचार्यांनी एकट्याने देऊ नये. जागा ट्रस्टची, धर्मप्रांताची किंवा फादर-सिस्टरांच्या धर्मसंघाची असते. ठराव हवा, आणि ‘इमारत पाडली तर नावाचं काय’ याचं उत्तरही त्या ठरावात हवं.

टप्पा ७: मानपत्र

‘आपल्या अथक परिश्रमाने, दूरदृष्टीने व सेवाभावी वृत्तीने समाजात मोलाचे योगदान देणारे…’ असं मानपत्र कोणालाही लागू पडतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. फ्रेममध्ये घालून घरी लावलं तरी नातवंडांना त्यातून आजोबांनी काय केलं हे कळत नाही.

लिहिणाऱ्याने सन्मानित व्यक्तीशी अर्धा तास बोलावं. मग एवढंच लिहावं: कोणत्या वर्षी, कुठल्या गावाहून, कसं कॉलेजला यायचे. नंतर केलेलं एक काम, त्यातल्या अडचणीसह. आणि त्यामुळे कोणाचं काय बदललं. विशेषणं जास्तीत जास्त दोन. १५० शब्दांच्या वर जाऊ नका, मोठ्याने वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात.

मजकूर छपाईआधी त्या व्यक्तीला पाठवा. मराठीतलं नाव, इंग्रजीतलं नाव आणि वर्ष ही तीन ठिकाणं दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासावीत. सन्मानचिन्हावरचं कोरीवकाम परत करता येत नाही. कारागिराला नाव फोनवर सांगू नका, लिहून पाठवा.

टप्पा ८: मिस्सा आणि मंच वेगळे

कार्यक्रमाआधी कृतज्ञतेचा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) असेल तर निमंत्रणपत्रिकेत त्याची वेळ वेगळी आणि ‘ज्यांची इच्छा असेल त्यांनी’ अशा शब्दांत द्या. ख्रिस्ती नसलेल्या सन्मानितांना मुख्य कार्यक्रमाची वेळ स्वतंत्रपणे कळवा.

मिस्सात सत्कार नको. प्रवचनाच्या जागी मान्यवरांचं भाषण तर नकोच, ती जागा धर्मगुरूंची. आभाराचे दोन शब्द कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकरीच्या वाटपानंतरच्या) प्रार्थनेनंतर बोलता येतात. बायबलचं वाचन कॅथलिक माजी विद्यार्थ्याकडे द्या. इतरांना सहभागी करून घ्यायचं तर ते मंचावर करा, तिथे जागा भरपूर आहे. कम्युनियनच्या वेळी कोणी पुढे यावं हे निवेदकाने आधीच सौम्यपणे सांगावं, म्हणजे रांगेत कोणी ओशाळत नाही.

शाल-श्रीफळ द्यायचं, की शाल आणि फुलं? दीपप्रज्वलन करायचं, की प्रार्थनागीताने सुरुवात? यावर कॉलेजागणिक मतं आहेत आणि दोन्ही बाजू चिडतात. महिनाभर आधी ठरवा, स्टेजवर नाही.

टप्पा ९: तो दिवस

दुपारी सन्मानितांची विद्यार्थ्यांशी एका वर्गात भेट ठेवा, माईकशिवाय. मुलांना संध्याकाळच्या भाषणापेक्षा तिथे जास्त मिळतं, आणि याच गोष्टीवर कॉलेजं सगळ्यात कमी वेळ घालवतात.

मंचावर एकूण दीड तास. सन्मानिताला पाच मिनिटं, प्रमुख पाहुण्यांना दहा. प्रास्ताविक, स्वागत, परिचय आणि आभार या चौघांनी मिळून तीच नावं चार वेळा घेऊ नयेत. निवेदकाच्या हातात मिनिटांसह कागद हवा.

सन्मानचिन्ह देताना व्यक्ती आधी मंचावर येऊ दे, मग मानपत्र वाचा, मग द्या. उलट केलं की वाचन चालू असताना माणूस हातात जड चिन्ह घेऊन कॅमेऱ्याकडे बघत उभा राहतो. त्यांचे आईवडील हयात असतील तर फोटोला त्यांना वर बोलवा. चढवत नसेल तर सन्मानितालाच त्यांच्या खुर्चीपाशी खाली पाठवा.

हितचिंतकांची नावं आडनावाच्या अकारविल्ह्याने वाचा, रकमेच्या क्रमाने नाही, आणि रक्कम वाचू नका.

> तपासा (एक तास आधी): चिन्ह आणि मानपत्राच्या जोड्या बरोबर लावल्या आहेत? राखीव खुर्च्यांवर नावं आहेत? जनरेटरमध्ये डिझेल आहे? सन्मानितांच्या घरच्या लोकांना आणायला-सोडायला कोण आहे?

टप्पा १०: नंतरचे पंधरा दिवस

आठवड्याच्या आत आभारपत्र आणि फोटो पाठवा. देणगीदारांच्या पावत्यांवर पॅन आणि पत्ता बरोबर आहे का, ते याच आठवड्यात तपासून घ्या. मे महिन्यात धावपळ होते आणि तेव्हा लोक फोन उचलत नाहीत.

माजी विद्यार्थी संघाची नोंदणी, बैठका आणि कार्यक्रमाचा अहवाल नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात उपयोगी पडतो. इतिवृत्त, निकषांचा कागद, नामांकन अर्ज, कार्यक्रमपत्रिका आणि हिशेब एका फायलीत ठेवा. जे निवडले गेले नाहीत त्यांचे अर्ज फाडू नका, तीन वर्षं विचारात घ्या. ज्यांनी ते सुचवले त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवा, कारण उत्तरच आलं नाही तर पुढच्या वर्षी ते कोणाचंही नाव सुचवत नाहीत.